ग्राउजच्या बंदुका व त्यांचे धनी

शिकार हा आमचा विषय नव्हे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. आम्हीं जन्मांत चिमणीवरही नेम धरलेला नाहीं. दुनळी बंदूक हातीं आली ती एकदांच, कोंकणांतील एका स्नेह्याच्या ओटीवर. आणि तिचें वजन खांद्यास जाणवतांच ती आम्हीं पुनः खुंटीस लावली. तथापि इतिहास वाचणाऱ्यास वस्तूंची गोडी असतेच. अमुक तरवार कोणाच्या कमरेस होती, ती वडिलार्जित कीं बक्षिसाची, कीं लुटींतली, हें कळलें म्हणजे धन्याविषयीं बखरकारानें न लिहिलेलें पुष्कळ कळून येतें. इंग्लंडांतील बड्या घराण्यांच्या बंदुकांविषयीं वाचतांना आम्हांस तोच अनुभव आला, व त्या वाचनांत अखेरीस आम्ही जेथें येऊन पोहोंचलों तें ठिकाण आपल्या इतके जवळचें असेल अशी आम्हांस कल्पना नव्हती.

ग्राउज हा पक्षी आपल्याकडे नाहीं. आपल्या माळरानावरील पखुर्डीस इंग्रज लोक सँडग्राउज म्हणत. पण तिचें कूळ निराळें, साम्य काय तें नांवाचें. खरा तांबडा ग्राउज स्कॉटलंडच्या व उत्तर इंग्लंडच्या ओसाड पठारांवर राहतो. तेथें हेदर नांवाचें जांभळ्या फुलांचें खुरटें झुडूप माजतें. त्याचे कोंवळे कोंब हेंच ह्याचें मुख्य अन्न. इतर पक्ष्यांप्रमाणें त्यास खुराड्यांत वाढवून रानांत सोडण्याची रीत नाहीं. त्यास मधून मधून आंतड्यांतील कृमींची सांथ येते व पठारेंच्या पठारें ओस पडतात. ह्या सांथीचा तपास करून १९११ सालीं जो मोठा अहवाल निघाला, त्यावर खपणाऱ्यांत पुढें कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवाकडे जाऊन मरण पावलेले डॉक्टर विल्सन हे होते. १८३१ च्या कायद्याप्रमाणें ह्या पक्ष्याची शिकार १२ ऑगस्टास सुरू होते व १० डिसेंबरास संपते. पक्षी जमिनीलगत, वाऱ्याबरोबर, विलक्षण वेगानें येतो. ह्यामुळें त्याच्यासाठीं बंदूक हलकी, चपळ व अंगास बेतून शिवलेल्या बाराबंदीसारखी असावी लागते.

दोनशें वर्षांपूर्वींच्या पिढीची बंदूक अर्थातच ठासणीची होती. त्या पिढींत जोसेफ मँटन ह्या लंडनच्या कारागिराचें नांव सर्वांच्या तोंडीं असे. कर्नल पीटर हॉकर ह्या नांवाचा एक लष्करी गृहस्थ १८०९ सालीं टालाव्हेराच्या लढाईंत जबर जखमी होऊन घरीं आला, आणि उरलेलें आयुष्य त्यानें पक्षी मारण्यांत, रोजनिशी लिहिण्यांत व मँटनच्या बंदुकांची स्तुति करण्यांत घालविलें. १८१४ सालीं त्यानें तरुण शिकाऱ्यांसाठीं एक पुस्तकही प्रसिद्ध केलें. हॉकरसारखे गिऱ्हाईक पाठीशीं असतांही मँटन १८२६ सालीं दिवाळखोर झाला! त्याच्याच कारखान्यांत काम शिकलेला जेम्स पर्डी १८१४ पासून निराळा धंदा करीत होता. तो गुरूच्या सोडलेल्या जागेंत येऊन बसला. सरदारांच्या सोयीनें पैसे चुकते होण्याची वाट पाहणें हें त्या काळच्या कारागिरांच्या नशिबींच असे.

ठासणीच्या काळीं शिकारी कुत्र्यांच्या मागें पायीं हिंडे, दोन बार काढी, थांबून दारू व छर्रे गजानें ठासी आणि पुनः चालूं लागे. दिवसाकाठीं पांचपंचवीस जोड्या पक्षी मिळाले तरी त्यास संतोष होई. पुढें १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत लफोशे ह्या फ्रेंच कारागिराची मागून भरावयाची बंदूक इंग्रजांनीं पाहिली, आणि तेथून सर्व चित्र पालटलें. काडतूस आलें, तसे हाकारे आले. शिकारी दगडगवताच्या आडोशाआड उभा राहूं लागला आणि पक्षी त्याच्या डोक्यावरून हाकून आणूं लागले. व्हिक्टोरिया राणीनें बाल्मोरल घेतल्यापासून व आगगाड्या उत्तरेस पोहोंचल्यापासून स्कॉटलंडचीं पठारें भाड्यानें घेण्याची चढाओढ लागलीच होती. आडोशांत उभें राहणाऱ्यास एका बंदुकीनें भागेना. दोन, पुढें तीन हव्या झाल्या, व मागें भरून देणारे चाकरही तितकेच.

अशी जोडी मिळविणें हा एक संस्कारच होता. गिऱ्हाइकानें दुकानीं जावें. हाताची लांबी, मानेची ठेवण, कोणता डोळा जोरदार, हें कारागिरानें पाहावें. सांध्यांनीं हवी तशी वळविणारी मापाची बंदूक खांद्यास लावून दस्त्याचा बांक ठरवावा. मग अक्रोडाचें लांकूड निवडावें. जोडीवर सोन्यानें १ व २ असे आंकडे घालीत, आणि प्रत्येक बंदुकीचा अनुक्रमांक वहींत नोंदला जाई. ह्या वह्या म्हणजे आमच्या मतें त्या घराण्यांच्या बखरीच होत. बाप वारल्यावर जोडी मुलाकडे येई, तेव्हां दस्ता त्याच्या मापाचा करून घेण्यासाठीं ती पुनः त्याच दुकानीं जाई. दोघे भाऊ असले तर कधीं कधीं एक एकाकडे व दोन दुसऱ्याकडे जाई. मग जोडी मोडे ती मोडेच. हौसेला सीमा नसते, ह्याचें उदाहरण म्हणून चार्ल्स गॉर्डन ह्या स्कॉच जमीनदाराचें नांव घेतां येईल. काडतुसांची बंदूक सर्वत्र रुळून गेल्यावर ह्यानें एडिंबरोच्या डिक्सन पेढीकडून ठासणीच्या नव्या कोऱ्या बंदुका मागें पडलेल्या तऱ्हांवर बनवून घेण्याचा सपाटा चालविला.

परंतु आवडती बंदूक म्हणजे काय हें कळण्यास लॉर्ड वॉल्सिंगहॅमची हकीकत अधिक उपयोगी आहे. ३० ऑगस्ट १८८८ रोजीं यॉर्कशायरांतील ब्लबरहाउस पठारावर ह्या एकट्या गृहस्थानें पहांटेपासून संध्याकाळपर्यंत १०७० ग्राउज मारले. त्या दिवशींच्या चार बंदुकांची माहिती त्यानें स्वतः नोंदून ठेविली आहे. पहिली पर्डीनें १८६६ सालीं केलेली. ती मूळची टाचणीच्या काडतुसाची, पुढें मध्यभागीं ठिणगी पडणाऱ्या काडतुसासाठीं पालटून घेतलेली, आणि अलीकडेच नव्या नळ्या बसविलेली. दुसरी व तिसरी ही १८७० च्या सुमाराची पर्डीचीच जोडी. तिच्याही नळ्या नव्या. चौथी त्याच सालीं, ह्या जोडीशीं जुळती करवून घेतलेली. फक्त तिच्या नळ्या पिळाच्या दमास्कसी लोखंडाच्या नसून व्हिटवर्थच्या पोलादाच्या होत्या. बावीस वर्षांत कळ बदलली, नळ्या बदलल्या, तरी बंदूक जुनीच! आपल्याकडील वाड्याच्या तुळया बदलतात, वासे बदलतात, आणि वाडा मात्र पणजोबांचाच राहतो, तसेंच हें. ह्याच गृहस्थानें बारीक पतंगांचा प्रचंड संग्रह करून तो लंडनच्या म्यूझियमास दिला व कीटकशास्त्रांत चिरस्थायी काम केलें, हेंही नमूद करणें न्यायाचें होईल. एका हातानें हजार पक्षी पाडणारा मनुष्य दुसऱ्या हातानें तांदळाएवढ्या पतंगाचे पंख न मोडतां पसरवीत बसे.

ह्या वॉल्सिंगहॅमचे नॉरफोक-सफोकच्या सीमेवरील एक शेजारी व शिकारींतील प्रतिस्पर्धी म्हणजे महाराज दुलीपसिंग. येथें आमचा विषय घरीं येतो.

१४ मार्च १८४९ रोजीं रावळपिंडीस शीख सैन्यानें जनरल गिल्बर्टपुढें शस्त्रें ठेवलीं. त्याच महिन्याच्या २९ तारखेस लाहोरास दरबार भरवून दहा वर्षांच्या महाराजांकडून राज्यत्याग लिहून घेण्यांत आला. महाराज, त्यांचे आप्त व चाकर ह्या सर्वांस मिळून सालीना चार लाखांहून कमी नाहीं व पांच लाखांहून अधिक नाहीं असें वेतन ठरलें. १८५४ सालीं त्यांस विलायतेस नेलें. पर्थशायरांतील कॅसल मेंझीज, नंतर यॉर्कशायरांतील मुलग्रेव्ह अशीं भाड्याचीं घरें झालीं, आणि ह्या दोन्ही मुलखांत ग्राउज विपुल. पंजाब खालसा करणारे लॉर्ड डलहौसी स्वतः स्कॉटलंडचे. त्यांच्याच देशच्या डोंगरांवर हा राजपुत्र हातीं बंदूक घेऊन वाढला. पर्डीच्या गिऱ्हाइकांत त्यांचें नांव होतें. १८७१ सालीं ग्रँटलीच्या पठारावर त्यांनीं एका दिवसांत एकट्याच्या बंदुकीनें ४४० ग्राउज मारले. त्यांचा नेम खरोखरच पहिल्या प्रतीचा होता. पदच्युत राजास दयेनें दिलेली ही स्तुति नव्हे, कारण आडोशांत उभ्या राहिलेल्या इंग्रज सरदारास दुसऱ्याच्या नेमाविषयीं दया नसते.

तथापि त्या बंदुका कोठून आल्या ह्या प्रश्नास येथें निराळें उत्तर मिळतें. वॉल्सिंगहॅमची बंदूक त्याच्या जमिनीच्या उत्पन्नावर आली. दुलीपसिंगांची आली ती राज्य सोडल्याबद्दल मिळणाऱ्या वेतनावर, म्हणजे हिशेबाच्या वहींत कांहींही लिहिलेलें असो, ह्याच देशाच्या महसुलावर. खालसाच्या तोफा व बंदुका ज्या सरकारानें हिरावून घेतल्या, त्याच सरकारच्या पैशानें राजास पक्षी मारण्याची उंची बंदूक मिळाली. १८६३ त कर्ज काढून घेतलेली एल्व्हेडनची जहागीर, वाढता खर्च आणि इंडिया ऑफिसशीं वर्षानुवर्षें चाललेला तंटा हा पुढचा इतिहास वाचकांस माहीत आहे. १८८६ त ते हिंदुस्थानास यावयास निघाले, तों एडन येथें त्यांस अडविण्यांत आलें. १८९३ सालीं पॅरिसांत त्यांचा अंत झाला व पुढल्याच वर्षीं एल्व्हेडन गिनेस घराण्याकडे विकली गेली.

महाराष्ट्राशीं ह्या कथेचा एक धागा जुळलेला आहे. दुलीपसिंगांच्या मातोश्री राणी जिंदां १८६३ सालीं लंडनमध्यें वारल्या. त्यांचा देह पंजाबांत नेण्यास परवानगी मिळेना, म्हणून पुढल्या वर्षीं महाराजांनीं तो मुंबईमार्गें आणून नाशिकास गोदावरीच्या कांठीं अंत्यविधि केला. साठ वर्षें त्या रक्षा तेथें होत्या. १९२४ सालीं नात बांबा हिनें त्या लाहोरास नेल्या. ज्या मुलास पठारें भाड्यानें घेऊन हवी तितकी शिकार करण्याची मोकळीक होती, त्यास आईची चिता स्वतःच्या मुलखांत रचण्याची मोकळीक नव्हती.

आणि इतर हिंदी माणसाची स्थिति काय होती? १८७८ सालीं लॉर्ड लिटन ह्यांनीं हत्यारांचा कायदा केला. परवान्यावांचून बंदूकच काय, तरवारही बाळगण्याची बंदी झाली. युरोपियनांस मात्र सूट. त्याच सालीं त्यांनीं देशी वृत्तपत्रांच्या तोंडावरही मुसकी बांधली होती. पुढें आलेल्या लॉर्ड रिपन ह्यांनीं वृत्तपत्रांचा कायदा १८८२ सालीं रद्द केला, स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, आणि येथील लोकांनीं त्यांस डोक्यावर घेतलें. हत्यारांचा कायदा मात्र त्यांच्या हातूनही सुटला नाहीं. १८८७ च्या मद्रासच्या काँग्रेसनें त्याविरुद्ध ठराव केला, तरी कायदा राहिलाच. त्याची जागा स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानें घेतली. कोंकणांतील शेतकऱ्यास रानडुकरांपासून भात राखण्यासाठीं एक ठासणीची बंदूक हवी असली, तर अर्ज, चौकशी, परवाना व नूतनीकरण हें ठरलेलेंच. आमच्या स्नेह्याची ती खुंटीवरील बंदूक अशाच परवान्यावर त्यांच्या आजोबांनीं मिळविलेली होती, आणि तो पिवळा पडलेला कागद त्यांनीं बंदुकीहून अधिक जपून ठेविला होता.

ह्या रिपनसाहेबांचे एकुलते चिरंजीव म्हणजे इंग्लंडचे सर्वांत नामांकित नेमबाज, हा योगायोग आम्हांस मोठा चमत्कारिक वाटतो. वडिलांची आठवण पूल, शाळा व सभागृहें ह्यांवर राहिली. मुलाची राहिली शिकारीच्या वहींत. त्या वहीप्रमाणें १८६७ पासून १९२३ पर्यंत त्यांनीं सर्व जातींचे मिळून ५,५६,८१३ प्राणी मारले. त्यांच्या बंदुका पर्डीच्या, तीनांचा संच, आणि बाहेर घोडे असलेल्या. अँसन व डीली ह्यांची घोडे आंत दडविलेली तऱ्हा १८७५ पासून चालूं झाली होती, सारे जग तिकडे वळलें होतें. पण ह्या गृहस्थांनीं शेवटपर्यंत घोडे सोडले नाहींत, आणि पांचव्या जॉर्ज बादशहांचीही तीच आवड होती. बंदुका घेण्यादेण्याचा हात बसावा म्हणून ते रात्रीं घरांत भरणाऱ्या चाकरांसह सराव करीत असें सांगतात.

महायुद्धानें ह्या मंडळींच्या रीतींत किती फरक पाडला, हें पाहावयाचें असल्यास एक तारीख पुरे. १२ ऑगस्ट १९१५ रोजीं लँकेशायरांतील ॲबीस्टेड येथें आठ बंदुकांनीं एका दिवसांत २९२९ ग्राउज मारले. तो आंकडा पुढें कोणास गांठतां आला नाहीं. त्याच आठवड्यांत गॅलिपोलीच्या टेकड्यांवर माणसें पडत होतीं, आणि पुण्याची सहावी डिव्हिजन, तिच्यांत आमचे मराठे शिपाई, मेसोपोटेमियाच्या उन्हांत तैग्रिसच्या कांठीं होती.

धाकट्या रिपनांस मूल नव्हतें. २२ सप्टेंबर १९२३ रोजीं सकाळीं ते आपल्याच यॉर्कशायरच्या पठारावर आडोशांत उभे होते. त्या दिवशीं पन्नासांवर ग्राउज त्यांनीं पाडले होते. हाका संपला, चाकर व कुत्रे हेदरांत पडलेले पक्षी वेंचावयास गेले, आणि ते परत येतात तों रिपन जागच्याजागीं कोसळून गतप्राण झालेले होते. वडिलांस हिंदुस्थानांत येण्यापूर्वीं मिळालेली मार्क्विस ही पदवी त्यांच्याबरोबर संपली.