'बे एके बे' का म्हणतो आपण?

आज एक साधा प्रश्न. पाढे म्हणताना आपण 'बे एके बे' म्हणतो. 'दोन एके दोन' का नाही?

संस्कृतमधल्या 'द्वि'ला प्राकृतात दोन वाटा फुटल्या. एका वाटेवर 'दोण्णि' झालं, त्यातून आपलं 'दोन' आलं. दुसऱ्या वाटेवर झालं 'बे'. धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याला लागा, नवापूर ओलांडा. तिथला दुकानदार आजही दोनला 'बे'च म्हणतो. मराठीत हा 'बे' पाढ्यात राहिला आणि बारा, बावीस, बेचाळीस, बासष्ट यांच्यात लपून बसला.

आता 'वीस' घ्या. तो 'विंशति'पासून आला. अभ्यासक सांगतात, याचा मूळ अर्थ 'दोन दहा'. सुरुवातीचा 'द' कधीच गळून गेला. फारसीतला 'बीस्त' आणि लॅटिनमधला 'वीगिन्ती' हे त्याचे चुलतभाऊ.

या वीसचा जुना पुरावा आपल्या जळगाव जिल्ह्यातच आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला शके 1128 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याची ही नोंद. लेख बराचसा संस्कृतात, पण मठाला बाजारातून काय मिळणार, हे मात्र मराठीत! त्यात गिऱ्हाइकाकडून दामाचा 'विसोवा', म्हणजे विसावा भाग, घ्यायला सांगितलाय. पाच सुपाऱ्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातला बाजार याच शब्दांत मोजत होता.

मग 2019 आठवतंय? बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'बासष्ट'सोबत 'साठ दोन' असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला. समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं, मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो. यात तथ्य आहे. 'बासष्ट' म्हणताना दोन आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र आधी सहा. तेलुगू, कन्नडमध्ये दहाचा आकडा आधी येतो, म्हणून तिथे हा घोळ नाही. आपला उलटा क्रम थेट संस्कृतच्या 'द्वाषष्टि'तून आलाय. घरी अहिराणी बोलणारं पोरगं पहिलीत अडखळतं, तेव्हा ते 'ढ' नसतं. दोन हजार वर्षं घासून गुळगुळीत झालेले शब्द ते एका वर्षात पाठ करत असतं.

मला विचाराल, तर शिकताना 'साठ दोन'ची शिडी खुशाल लावा. पण वर चढल्यावर 'बासष्ट' सोडू नका. त्यातला 'बा' कुठून आला, हे सांगितलं की पाठांतराचं ओझं जरा हलकं होतं.

तुमच्या घरी आजी वीस-वीसचे गट करून मोजते का? विचारून बघा, आणि तिचे शब्द आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!