गोव्याची पूड आणि सोरायसिसचा शोध

माझ्या शिक्षकी आयुष्यांतील एका चुकीपासून आरंभ करितों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलाच्या कोपरांवर व गुडघ्यांवर लाल चट्टे उठत आणि त्यांवर चंदेरी खवले धरत. इतरांस लागण होईल या भीतीनें मीं त्यास वर्षभर निराळ्या बाकावर बसविलें. त्याचा विकार सोरायसिस होता आणि तो स्पर्शानें मुळींच पसरत नाहीं, हें मला फार उशिरां कळलें.

ही चूक जुनी आहे. युरोपांत शतकानुशतकें अशा रोग्यांची गणना पुष्कळदां महारोग्यांत होई. लंडनचे डॉक्टर रॉबर्ट विलन यांनीं १८०८ मध्यें या विकाराचें बारकाईनें वर्णन केलें. परंतु त्याच्या एका रूपास त्यांनींही 'लेप्रा' हेंच नांव ठेविलें. १८४१ मध्यें व्हिएन्नाच्या हेब्रा यांनीं सोरायसिस महारोगापासून स्पष्टपणें वेगळा केला.

रोगाची ओळख पटली. औषधाचा धागा मात्र आपल्या किनाऱ्यावरून गेला. ब्राझीलमधील बाहिया प्रांतांत एका वृक्षाच्या खोडाच्या पोकळींत पिवळसर पूड सांपडते. पोर्तुगीजांच्या व्यापारांतून ती गोव्यास आली आणि गजकर्णावर लावण्यांत येऊं लागली. पुढें 'गोवा पावडर' या नांवानें ती विलायतेस पोंचली. तिचें मूळ ब्राझीलमध्यें आहे, हें बाहियाचे डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांनीं १८७५ च्या सुमारास दाखवून दिलें.

१८७६ मध्यें लंडनचे डॉक्टर बाल्मॅनो स्क्वायर यांच्या दृष्टीस एक रोगी पडला. आपणांस गजकर्ण झालें असें समजून तो ही पूड लावीत होता. वास्तविक त्यास सोरायसिस होता, आणि तो ओसरत चालला होता! स्क्वायर यांनीं ही गोष्ट हंसण्यावारी नेली नाहीं. त्यांनीं तें मलम इतर रोग्यांवर वापरून पाहिलें. मलमानें कातडी जळजळे, कपडे डागाळत. पण गुण येई. पुढें महायुद्धाच्या काळांत, १९१६ मध्यें, जर्मनींत तशाच गुणाचें कृत्रिम द्रव्य तयार झालें. तें डायथ्रॅनॉल.

दुसरा योगायोग १९७९ चा. सांधेदुखीच्या रोग्यांस सायक्लोस्पोरिन देऊन पाहत असतां ज्यांना सोरायसिसही होता त्यांची त्वचा सुधारली. हें औषध रोगप्रतिकारक पेशींस आवरणारें. तेव्हां रोगाचें मूळ केवळ कातडींत नसून शरीराच्या रक्षकदलाच्या बेबंद वागण्यांत आहे, हें उमगूं लागलें. निरोगी त्वचेचा थर नवा होण्यास सुमारें महिना लागतो. येथें तेंच काम कांहीं दिवसांत उरकतें, म्हणून खवले सांचतात. आतां या पेशींचे निरोप नेमके अडविणारीं औषधें निघालीं आहेत. २०१३ मध्यें बंगळूरच्या बायोकॉन कंपनीनें इटोलिझुमॅब बाजारांत आणलें. २०१५ मध्यें अमेरिकेंत सेक्युकिनुमॅब मान्य झालें. रोग समूळ जात नाहीं, पण पुष्कळांची त्वचा जवळजवळ निर्मळ होते.

एका रोग्याची चूक एका डॉक्टरानें डोळे उघडे ठेवून पाहिली, म्हणून औषधाची वाट सांपडली. माझी चूक मात्र मीं वर्षभर रोज पाहिली आणि ती मला दिसली नाहीं. त्या मुलाची क्षमा मागण्याची संधि मला मिळाली नाहीं. आपल्या घरीं, शाळेंत वा कचेरींत असा कोणी असेल, तर श्रोतेहो, त्यास आपल्या शेजारींच बसवा, एवढीच विनंति.