बहिष्कृत हितकारिणी सभा आणि सोलापूरचे वसतिगृह

बहिष्कृत हितकारिणी सभेस २०२४ साली शंभर वर्षे झाली. चळवळीच्या इतिहासात तिचे नाव बहुधा महाडच्या आधीची एक पायरी म्हणून घेतले जाते. ते चूक नव्हे. परंतु सभेने पहिले प्रत्यक्ष कार्य कोणते केले, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते कार्य म्हणजे मुलांच्या निवाऱ्याची सोय.

९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये विचारविनिमय झाला व २० जुलै १९२४ रोजी सभेची स्थापना झाली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष झाले. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद मात्र बाबासाहेबांकडे व चिटणीसपद शिवतरकर मास्तरांकडे होते. वरिष्ठ वर्गांतील ही नावे पाहून काहींना परावलंबनाची शंका येते. आमच्या मते ती निराधार आहे. कारभार ज्यांचा प्रश्न होता त्यांच्याच हाती होता. यापूर्वी महर्षी शिंदे यांचे डिप्रेस्ड क्लासेस मिशन (१९०६) आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात निघालेले मिस क्लार्क वसतिगृह (१९०८) यांनी मोलाचे कार्य केले होते. तेथे मदतीचा हात वरून खाली येत होता, एवढाच भेद.

सभेच्या उद्देशांत वसतिगृहे काढून शिक्षणप्रसार करणे हे प्रथम होते. वाचनालये, अभ्यासवर्ग, औद्योगिक व शेतकी शाळा त्यामागून येतात. शाळेआधी वसतिगृह का? खेड्यातील प्राथमिक शिक्षण संपवून इंग्रजी शाळेसाठी शहरात आलेल्या अस्पृश्य मुलाला खोली कोण देणार, पाणी कोण भरू देणार? शाळेचे दार उघडले तरी रात्री पाठ टेकण्यास जागा नसेल तर ते दार त्याच्यापुरते बंदच. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी, लाठ्या घेऊन आलेल्या जमावाच्या धाकाने, बाहेर पडावे लागले. हा अनुभव पाठीशी असलेल्या माणसाने वसतिगृहास अग्रस्थान द्यावे, यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही.

४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात हायस्कुलातील विद्यार्थ्यांसाठी सभेने वसतिगृह उघडले. भोजन, कपडे व लेखनसाहित्य यांचा खर्च सभा करी. सोलापूर नगरपालिकेनेही साहाय्य दिले. येथील विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालविले. दुसऱ्याच्या अन्नावर वाढणारा मुलगा सहसा आपले मत छापावयास धजत नाही. म्हणून हे लहानसे मासिक आम्हांस वसतिगृहाच्या इमारतीहून मोठे वाटते. मुंबईत सभेने मोफत वाचनालय काढले व तरुण दारू-जुगारापासून दूर राहावेत म्हणून हॉकीचा संघही उभा केला.

सभेच्या नावातील 'हित' हा शब्द पालीतही तसाच आहे. त्याचा धात्वर्थ 'ठेवलेले, योग्य जागी बसविलेले' असा आहे. 'सुख' आणि 'हित' हे शब्द पालीत जोडीने येतात, पण ते एक नव्हेत. सुख देता येते. हितासाठी जागा करून द्यावी लागते.

२९ मे १९२८ रोजी सभेच्या वतीने सायमन कमिशनला निवेदने सादर झाली. त्यांपैकी एक मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणस्थितीविषयी होते. त्याच वर्षी जून महिन्यात सभा विसर्जित करण्यात आली आणि शिक्षणाचे व वसतिगृहांचे काम दलितवर्ग शिक्षण संस्थेकडे गेले.