रहस्यकथा : मराठी आणि स्कँडिनेव्हियन

गुन्हा, त्याचा तपास आणि त्याची उकल या तीन अवस्थांवर उभ्या राहणाऱ्या कथनप्रकारास मराठीत रहस्यकथा, हेरकथा किंवा गुन्हेकथा म्हणतात. आणि स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, तसेच व्यापक अर्थाने फिनलंड व आइसलँड या देशांत १९६५ नंतर या प्रकारास जे समाजचिकित्सक वळण लागले, त्यातून निपजलेल्या कथा-कादंबऱ्यांस स्कँडिनेव्हियन गुन्हेकथा ही संज्ञा रूढ झाली आहे. या दोन परंपरांत प्रत्यक्ष देवाणघेवाण फारशी घडलेली नाही. तथापि दोहोंच्या लोकप्रियतेची कारणे शेजारी-शेजारी मांडली असता, एकाच वाङ्मयप्रकाराने दोन समाजांत कोणती कामगिरी बजावली आणि मराठीत कोणती बजावावयाची राहिली, हे स्पष्ट होते. पाचोऱ्यासारख्या (जि. जळगाव) तालुक्याच्या गावातील वाचकाच्या दृष्टीने हा विचार विशेष महत्त्वाचा आहे.

मराठीतील उगम. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) ही रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या लंडनविषयक रहस्यमालेच्या प्रेरणेने लिहिली गेली, ही घटना मराठी वाङ्मयेतिहासात जितकी वारंवार नोंदली जाते, तितका तिचा अर्थ लक्षात घेतला जात नाही. नगरातील अनाचाराचे रहस्य उलगडीत जाणे आणि मध्यमवर्गीय समाजाची तपासणी करणे ही दोन्ही कार्ये त्या पहिल्या प्रयत्नात एकत्र नांदत होती. पुढे आपटे सामाजिक व ऐतिहासिक कादंबरीकडे वळले, आणि रहस्याचा धागा गोविंद नारायणशास्त्री दातार (१८७३–१९४१), नाथमाधव (१८८२–१९२८) आदी लेखकांच्या हाती अद्भुताकडे गेला. सामाजिक कादंबरीस विद्वत्सभेत मानाचे स्थान मिळाले. रहस्यकथेस अफाट वाचकवर्ग लाभला, परंतु तिची नोंद समीक्षेच्या दप्तरात झाली नाही. या फाळणीचे परिणाम आजतागायत टिकून आहेत.

अर्नाळकर आणि उत्तरकाल. चंद्रकांत सखाराम चव्हाण तथा बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंझार, काळा पहाड, धनंजय व त्याचा साहाय्यक छोटू ही पात्रे मराठी घराघरांत पोहोचविली. ज्या घरांत वर्तमानपत्राखेरीज छापील मजकूर क्वचितच येई, तेथेही अर्नाळकरांचे पुस्तक हातोहात फिरत असे. आणि अक्षरओळख झालेल्या सामान्य मराठी माणसास सलग वाचनाची गोडी लावण्याचे जे कार्य या एका लेखकाने केले, त्याचे मोल कोणत्याही साक्षरता मोहिमेहून उणे मानता येणार नाही. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक (मृ. २०२१) यांनी कॅप्टन दीप आदी नायक निर्माण केले, तर सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद अशी नायकमालिका उभी केली. श्रीकांत सिनकर यांनी मात्र निराळी वाट धरून मुंबई पोलिसांच्या प्रत्यक्ष तपासांवर आधारलेल्या कथा लिहिल्या.

या साहित्याचे आकर्षण मुख्यतः तीन गोष्टींत होते. पहिली वेग : प्रकरणाच्या शेवटी वाचकास अडकवून ठेवणारी घटना. दुसरी, नायकाच्या पराक्रमाविषयीची निश्चिती : कितीही बिकट पेच आला तरी झुंझार त्यातून सुटणार, हा विश्वास वाचक पुस्तक उघडतानाच बाळगून असे. तिसरी, मुंबई : ज्याने ते शहर पाहिले नव्हते किंवा केवळ एखाद्या दिवसाच्या कामापुरते पाहिले होते, अशा मुफसलातील वाचकास तेथील बंगले, मोटारी, गोद्या आणि मध्यरात्रीचे रस्ते या कथांनी दाखविले. दुष्टास शासन होते, हा दिलासाही त्यात होताच. आणि ज्या वाचकाने कचेरीत किंवा कोर्टात तारखांमागून तारखा मोजल्या होत्या, त्यास तो दिलासा फार मोलाचा वाटला असल्यास नवल नाही.

स्कँडिनेव्हियन परंपरा. १९६५ साली माय शोवाल (१९३५–२०२०) आणि पेर वालो (१९२६–१९७५) या स्वीडिश पत्रकार जोडीने ‘रोझॅना’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, आणि १९७५ पर्यंत मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याच्या दहा कादंबऱ्यांची मालिका पुरी केली. ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ असे तिचे समग्र नाव होते. आणि कल्याणकारी म्हणविणाऱ्या राज्याने आपल्या दुर्बल नागरिकांविरुद्ध चालविलेले अपराध हाच लेखकद्वयाच्या मते तो मूळ गुन्हा होता. दोघांचीही राजकीय भूमिका मार्क्सवादी होती आणि त्यांनी ती कधी लपविली नाही.

‘रोझॅना’चा आरंभ या परंपरेचा स्वभाव सांगून जातो. मूताला गावाजवळ, योता कालव्याच्या बांधाशी गाळ उपसणाऱ्या यंत्राच्या तोंडातून एका तरुण स्त्रीचा विवस्त्र मृतदेह वर येतो. ती कोण, कोठून आली, तिच्या मागे रडणारे कोणी आहे की नाही, यांपैकी काहीच कोणास ठाऊक नसते. आणि तिचे नाव कळण्यातच पोलिसांचे आठवड्यांमागून आठवडे जातात. त्यानंतर ती ज्या नौकेतून प्रवास करीत होती तिच्यावरील प्रवाशांनी काढलेली छायाचित्रे जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून मागविली जातात, जबान्या पुनःपुन्हा वाचल्या जातात, बेकची पडसे-खोकल्याने जर्जर झालेली प्रकृती आणि त्याचा विस्कटत चाललेला संसार तपासाच्या बरोबरीने चालू राहतात. मृत स्त्रीस तिचे नाव, तिचा स्वभाव आणि तिची प्रतिष्ठा परत मिळवून देणे, हे खुनी सापडण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

पुढील पिढीत हेनिंग मँकेल (१९४८–२०१५) यांनी १९९१ साली कुर्ट वालांडर हा निरीक्षक निर्माण केला आणि त्यास स्वीडनच्या दक्षिण टोकावरील इस्ताद या लहानशा बंदरगावी नेमले. पहिल्याच कादंबरीत एका वृद्ध शेतकरी जोडप्याच्या हत्येचा तपास परक्या निर्वासितांविषयीच्या द्वेषापर्यंत जाऊन भिडतो. डेन्मार्कमध्ये पीटर हो यांच्या १९९२ च्या कादंबरीने ग्रीनलंडच्या मूळ रहिवाशांविषयीच्या डॅनिश वर्तनाचा हिशेब मांडला. नॉर्वेत आन्ने होल्ट या गुन्हेकथा लिहिणाऱ्या विधिज्ञ बाई १९९६-९७ मध्ये काही काळ देशाच्या न्यायमंत्री होत्या, तर जो नेस्बो यांनी ऑस्लोचा हॅरी हूले जगभर नेला. आइसलँडचे आर्नाल्दुर इंद्रिदासोन यांनी, जेथे खून ही विरळा घटना आहे अशा बेटावर, दशकांपूर्वी हरवलेल्या माणसांचा शोध हाच विषय केला. स्टीग लार्सन (१९५४–२००४) यांची कादंबरीत्रयी त्यांच्या मृत्यूनंतर २००५ ते २००७ मध्ये प्रसिद्ध होऊन जगभर कोट्यवधी प्रतींनी खपली. तिच्या पहिल्या भागाचे मूळ स्वीडिश नाव ‘स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष’ असे होते, आणि त्यातच तिचे प्रयोजन आले आहे.

आकर्षणाची कारणे. या साहित्याच्या ओढीचे श्रेय पुष्कळदा बर्फास, काळोखास आणि दीर्घ हिवाळ्यास दिले जाते. ते अंशतःच खरे आहे. खरे कारण असे की, येथे तपास म्हणजे श्रम आहे; तो पगारी नोकर करतात, ते थकतात, चुकतात, वरिष्ठांचे ऐकून घेतात, आणि उत्तर सापडले तरी त्यांना विजयाचा आनंद होत नाही, कारण ज्या परिस्थितीतून गुन्हा उपजला ती जागच्या जागी असते. १९८६ च्या फेब्रुवारीत स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांची स्टॉकहोमच्या भररस्त्यावर हत्या झाली आणि दशकानुदशके तिचा छडा लागला नाही. सुव्यवस्थित म्हणून गणलेल्या समाजाच्या आत्मविश्वासास बसलेला तो धक्का पुढील सर्व लेखनाच्या पार्श्वभूमीस आहे. वाचकांची सवयही जुनी आहे. १९२३ साली नूर्दाल ग्रीग व निल्स ली यांच्या कादंबरीची जाहिरात ‘बर्गनची गाडी काल रात्री लुटली’ अशा बातमीवजा मथळ्याने नॉर्वेतील वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकली, ती खरी समजून लोक हबकले, आणि तेव्हापासून ईस्टरच्या सुटीत डोंगरातील झोपडीत बसून गुन्हेकथा वाचावयाची हा त्या देशाचा रिवाजच पडला.

दोषांचाही उल्लेख अवश्य आहे. या प्रवाहास बाजारपेठ लाभल्यावर क्रौर्याची वर्णने वाढत गेली, स्त्रीदेहावरील अत्याचार काही लेखकांच्या हाती निव्वळ देखावा बनले, आणि ज्या देशांत हत्यांचे प्रमाण अत्यल्प आहे तेथे कादंबरीगणिक प्रेतांचा खच पडू लागला. शोवाल-वालो यांचा संयम त्यांच्या सर्वच वारसांपाशी राहिला नाही.

पाचोरा व खानदेश. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील पाचोरा हे जंक्शन आहे; येथून वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर या मार्गे जामनेरपर्यंत जाणारी, लोकांच्या तोंडी ‘पीजे’ म्हणून रुळलेली अरुंद मापाची गाडी सुमारे शतकभर चालली. मराठी रहस्यकथा मुंबईबाहेर पसरली ती अशाच मार्गांनी : स्थानकावरील पुस्तकविक्रेता, वर्गणी घेऊन पुस्तके देणारी वाचनालये, आणि १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमानंतर शासकीय अनुदानावर तग धरलेली गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये. या मार्गाने कथा मुंबईहून खानदेशात आली. खानदेशातून रहस्यकथा मात्र उलट दिशेने फारशी गेली नाही.

वस्तुतः सामग्रीची येथे वाण नाही. इस्ताद हे वस्तीने पाचोऱ्याहून पुष्कळ लहान असूनही एका लेखकाने त्याचे रस्ते, शेते व पोलीस ठाणे वाचकांस इतके परिचित करून दिले की दूरदेशीचे लोक ती स्थळे पाहावयास जातात. पाचोऱ्यास पोलीस ठाणे आहे, न्यायालय आहे, कापसाचा व्यापार आहे, हिवरा नदीच्या काठची जुनी वस्ती आहे. आणि बर्फाच्या जागी मे महिन्यातील असा उन्हाळा आहे की दुपारी शिवारात चिटपाखरू दिसत नाही. विजेच्या पाळीनुसार रात्री-अपरात्री पिकास पाणी द्यावयास एकटा निघालेला शेतकरी, बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेला तंटा, सावकाराची चोपडी, सासुरवाशिणीचा विहिरीतील मृत्यू, हे सर्व येथील जीवनाचे विषय आहेत आणि अद्याप रहस्यकादंबरीचे फारसे झालेले नाहीत.

एखाद्या विहिरीवरील पंचनाम्याचेच उदाहरण घ्यावे. पोलीसपाटील खबर देतो. ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते. फौजदार आणि हवालदार दोन पंच बोलावून चतुःसीमा लिहवितात, प्रेताचे डोके कोणत्या दिशेस, अंगावर लुगडे कोणते, हातात बांगड्या शाबूत की फुटलेल्या, काठावर चपला आहेत की नाहीत, याची कलमवार नोंद करतात. मुद्देमाल लाखेने मोहोरबंद होतो आणि पंचांच्या सह्या-अंगठे घेतले जातात. तेथे जमलेल्या बाया आपसांत अहिराणीत बोलतात ते निराळे, जबानीत प्रमाण मराठीत उतरते ते निराळे, आणि या दोहोंच्या मधल्या पोकळीत पुष्कळदा सत्य दडलेले असते. शोवाल आणि वालो यांनी ज्या निष्ठेने गाळ उपसणाऱ्या यंत्राजवळील पहिली दुपार टिपली, त्याच निष्ठेने हा पंचनामा लिहिता आला, तर मराठी रहस्यकथेस तिचे हरवलेले अर्धांग परत मिळेल.

समारोप. उत्तर युरोपातील सामाजिक वाङ्मय मराठीस अपरिचित नाही. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर आधारलेल्या श्री. वि. वर्तकांच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने १ जुलै १९३३ रोजी मराठी रंगभूमीवर नवे युग आरंभिले, आणि अनंत काणेकरांचे ‘घरकुल’ (१९४१) हे इब्सेनच्या नाटकाचे रूपांतर होय. रंगभूमीने जे स्वीकारले ते रहस्यकथेने स्वीकारले नाही. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे गुप्तधनाच्या व संततीच्या लोभाने झालेल्या स्त्रिया व मुलींच्या हत्यांवरून विजय तेंडुलकरांच्या पटकथेचा आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला ‘आक्रीत’ (१९८१) हा चित्रपट निघाला. मराठवाड्याच्या एका तालुक्याच्या गावातील गुन्हा अंधश्रद्धा, सत्ता आणि स्त्रीची अवस्था यांवर प्रकाश टाकू शकतो, हे त्याने सिद्ध केले. परंतु त्या तोडीची कादंबरीपरंपरा त्यामागून उभी राहिली नाही.

अर्नाळकरांनी मराठी वाचक घडविला, हे ऋण मान्य करूनच पुढील निर्णय द्यावा लागतो : ‘मधली स्थिती’त एकत्र असलेली रहस्य आणि समाजचिकित्सा ही दोन अंगे मराठीत विलग झाली, स्वीडनमध्ये १९६५ साली ती बुद्धिपुरस्सर पुन्हा जोडली गेली, आणि स्कँडिनेव्हियन गुन्हेकथेचे मुख्य आकर्षण या जोडणीत आहे. तीच जोडणी मराठीत होण्यास भाषा समर्थ आहे, वाचक तयार आहे आणि विषय तालुक्या-तालुक्यांत उपलब्ध आहे. उणीव आहे ती आपल्या गावचे ठाणे, कचेरी आणि शिवार यांना कादंबरीचा विषय मानणाऱ्या लेखकाची. आणि ती भरून काढण्याची जबाबदारी मुंबई-पुण्यापेक्षा मुफसलातील लेखकांवर अधिक आहे.