कारण सांगणाऱ्या बाई

आज आपण रशियात जाणार आहोत, सव्वाशे वर्षांमागच्या सेंट पीटर्सबर्ग शहरात. जिची गोष्ट सांगणार आहे तिचं नाव आग्रिपिना वागानोवा. नाव जरा जड आहे, पण दोनदा म्हटलं की जमतं.

ती बॅले नाचायची. बॅले म्हणजे वाद्यांच्या साथीवर, तोंडाने एक शब्द न बोलता, नाचातून कथा सांगायची. त्यात बाया पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहतात. त्यासाठी खास बूट असतात. वरून रेशमी, आणि आत टोकाला कापड आणि सरस यांचे थर देऊन कडक केलेले. बघणाऱ्याला वाटतं पीस तरंगतंय, आणि बुटाच्या आत बोटांना फोड आलेले असतात.

आग्रिपिनाचा जन्म १८७९ चा. तिचे वडील मारिन्स्की नावाच्या शाही थिएटरात प्रेक्षकांना त्यांच्या जागा दाखवायचं काम करायचे. अशा घरातल्या मुलीला रंगमंचावर जायची एकच वाट होती, ती म्हणजे झारच्या, तिथल्या बादशहाच्या, खर्चाने चालणारी नृत्यशाळा. साधारण दहाव्या वर्षी मुलींना निवडून घ्यायचे. राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथेच. शिक्षण झालं की त्याच थिएटरात पगाराची नोकरी. गरीब आईबापांना ही केवढी मोठी गोष्ट वाटत असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण निवड अंगकाठी बघून व्हायची, आणि आग्रिपिनाची अंगकाठी बॅलेच्या मापात बसणारी नव्हती. बांधा ठेंगणा, हातांना म्हणावी तशी लय नाही. पाय मात्र पोलादासारखे, आणि उडी अशी की बघत राहावं. १८९७ साली ती शिकून बाहेर पडली आणि थिएटरात लागली, ती मागच्या घोळक्यात. तिथले सर्वेसर्वा मारियस पेतिपा मोठे नृत्यरचनाकार होते, पण त्यांना ती आवडत नसे. त्यांनी डायरीत तिच्याविषयी वाईटसाईट लिहून ठेवलंय. त्या थिएटरात वशिल्यालाही वजन होतं, आणि जागा दाखवणाऱ्याच्या मुलीला कुठला आलाय वशिला?

नोकरी लागल्यावर काही वर्षांत तिच्या लक्षात आलं की आपण पुढे सरकतच नाही. मेहनतीत कसूर नव्हती. अडचण दुसरीच होती. शिकवणारे म्हणायचे, ‘असं नको, पुन्हा कर.’ ती पुन्हा करायची. पुन्हा ‘असं नको.’ पण मग कसं, आणि का, हे कोणी फोड करून सांगत नव्हतं. आपल्याकडे नाही का, नवीन सुनेला सांगतात, ‘अंदाजाने पाणी घाल.’ अंदाज म्हणजे किती, ते पीठ बिघडल्यावर कळतं. कधी कधी तेव्हाही कळत नाही.

मग ती बघायला लागली. ती शाळेत होती तेव्हाच, १८९३ साली, इटलीची पिएरिना लेन्यानी त्यांच्या थिएटरात आली होती आणि एका पायावर सलग ३२ गिरक्या घेऊन तिने सगळ्या शहराला वेड लावलं होतं. आपल्याला फुगडी घालताना घेरी येते, तर हिला कशी येत नाही? त्याला युक्ती आहे. नजर समोरच्या एका जागी रोखायची. अंग फिरतं, मान सगळ्यांत शेवटी फिरते आणि सगळ्यांच्या आधी परत जागेवर येते. इटलीच्या नाचात अशी पक्की ताकद होती, पाठीचा कणा घट्ट होता, पण हात कोपरात मोडल्यासारखे दिसायचे. पीटर्सबर्गमध्ये शिकवत ते फ्रेंच वळण, गोड आणि गोलाईचं, पण अंगात जोर कमी. ओल्गा प्रेओब्राजेन्स्का नावाची तिच्याहून मोठी नर्तकी इटालियन गुरूकडे शिकून झपाट्याने सुधारली होती. आग्रिपिना तिच्याकडे शिकायला गेली. दोन्हीकडचं काय घ्यायचं, काय सोडायचं, हे ती स्वतःच्या अंगावर करून बघत राहिली.

हळूहळू लोक तिला ‘व्हेरिएशनची राणी’ म्हणायला लागले. व्हेरिएशन म्हणजे मोठ्या नाटकातला एकटीचा छोटा नाच, दोन-तीन मिनिटांचा. राणी खरी, पण दोन-तीन मिनिटांची! तिच्या मागून, १८९९ साली, शिकून बाहेर पडलेली आना पावलोवा तोवर जगभर गाजत होती. ही पावलोवा पुढे आपल्या मुंबईतही नाचून गेली. आग्रिपिनाला ‘बॅलेरिना’ हा सगळ्यांत वरचा दर्जा मिळाला १९१५ मध्ये, आणि १९१६ मध्ये तिची पेन्शनीची वेळ झाली. अठरा वर्षं वाट बघून मिळालेलं ताट, आणि घास घेईपर्यंत पंगत उठली.

१९१७ साली रशियात क्रांती झाली. झार गेला, त्याचा दरबार गेला, जुन्या पेन्शनी गेल्या. त्याच वर्षाच्या शेवटी, ज्यांच्यासोबत तिने संसार केला त्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी आपलं जीवन संपवलं. पदरात तेरा वर्षांचा मुलगा. शहरात खायला नाही, थंडीत जाळायला लाकूड नाही. पोटासाठी ती मिळेल त्या लहानसहान ठिकाणी नाचली. वय अडतीस. बॅलेत ते म्हातारपणच.

आणि मग ती शिकवायला लागली. इथून पुढे आपणही त्यांना बाईच म्हणू, शाळेतल्या बाईंना म्हणतो तसं. आधी एका खाजगी शाळेत, आणि १९२१ पासून आपल्या जुन्या शाळेत.

तेव्हा बाहेर वेगळाच वाद चालू होता. नव्या राज्यातले बरेच लोक म्हणत होते, बॅले हे बादशहाचं खेळणं, कामकऱ्यांना त्याचा काय उपयोग, बंद करा. म्हणजे बाईंना जेमतेम मिळालेलं काम कधीही जाईल अशी अवस्था. त्यांनी भाषणं केल्याचं काही प्रसिद्ध नाही. त्यांचं उत्तर १९२५ साली शाळेतून बाहेर पडलं. त्या मुलीचं नाव मारिना सेम्योनोवा. तिचा नाच बघून लोक थक्क झाले. तिच्या मागून १९२८ ला गालिना उलानोवा, जिचं नाव पुढे सगळ्या जगाला माहीत झालं.

बाई वेगळं काय करत होत्या? भिंतीलगतच्या लाकडी दांडीला धरून गुडघे वाकवण्यापासून सुरुवात, मग पाय, मग दांडी सोडून मधोमध, मग संथ हालचाली, मग लहान उड्या, मग मोठ्या. हा क्रम इतरही पाळत. बाईंचं म्हणणं असं की हालचाल पायात सुरू होत नाही, पाठीत सुरू होते. उडी मारताना हात नुसते शोभेला नाहीत, ते वेळेवर उचलले तर अंग वर जायला मदत करतात. मुलगी चुकली की त्या तिलाच विचारायच्या, ‘का पडलीस? सांग.’ आणि मुलीने कारण शोधून सांगायचं. धड्यातल्या हालचाली वहीत लिहूनही काढायला लावायच्या. कडक होत्या, जीभ तिखट होती. शिवाय मापात न बसणाऱ्या लहान मुलींना दारातूनच परत पाठवायची शाळेची रीत त्यांच्या काळातही चालूच राहिली, आणि तेवढं मला काही पटत नाही. ज्या बाई स्वतः मापात बसत नव्हत्या त्यांच्याच शाळेत हे!

१९३१ मध्ये त्या त्याच थिएटरच्या बॅलेच्या प्रमुख झाल्या, ज्यात एके काळी मागच्या रांगेत उभ्या होत्या. १९३७ मध्ये ते पद त्यांना सोडावं लागलं. ते दिवसच वाईट होते, कोणाची खुर्ची कधी जाईल याचा नेम नव्हता. वर्ग मात्र त्यांनी सोडला नाही.

मला त्यांच्या पदांपेक्षा १९३४ साल मोठं वाटतं. त्या वर्षी त्यांनी पुस्तक काढलं, अभिजात नृत्याच्या मूळ तत्त्वांचं. एकेक हालचाल, ती कशी करायची, कुठे चुकते, कशाने सुधारते. जे गुरूच्या मर्जीवर होतं ते छापील पानावर आलं. १९४६ मध्ये त्याचं इंग्रजी झालं आणि आज कितीतरी देशांत मुली त्या पद्धतीने शिकतात.

बाई ५ नोव्हेंबर १९५१ ला गेल्या, बहात्तराव्या वर्षी. त्यांची शेवटची नावाजलेली विद्यार्थिनी इरिना कोल्पाकोवा त्याच वर्षी शाळेतून बाहेर पडली होती. १९५७ पासून शाळेला बाईंचं नाव आहे. आणि ती पहिली मुलगी, सेम्योनोवा? ती मॉस्कोला गेली, नाचली, मग तीही शिकवायला लागली, ते थेट २००४ पर्यंत, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षापर्यंत. २०१० च्या जूनमध्ये ती वारली तेव्हा तिला १०२ पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते.