स्वसंरक्षणासाठी शस्त्र : परवाना कोणाला, शस्त्र कोणते?

घरफोडी, दरोडा, खंडणीचा दूरध्वनी अशा घटना ओळीने कानावर आल्या की शहरातील सुखवस्तू माणसाच्या मनात एक विचार हमखास डोकावतो : घरात एखादे शस्त्र असावे. त्यातच परदेशी चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील बातम्या पाहून रायफलींची नावेही अनेकांना तोंडपाठ झालेली असतात. अमेरिकेत स्वसंरक्षणापासून शिकारीपर्यंत सर्रास वापरली जाणारी अर्धस्वयंचलित रायफल भारतात का मिळत नाही, मग येथे काय मिळते, ते कोणाला मिळते आणि मिळाल्यानंतर त्याचा वापर नेमका केव्हा करता येतो, या प्रश्नांची उत्तरे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतात.

अर्धस्वयंचलित म्हणजे काय?

बंदुकीचा चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते आणि त्याच स्फोटाच्या जोरावर रिकामे काडतूस बाहेर फेकले जाऊन पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते, अशा शस्त्राला अर्धस्वयंचलित म्हणतात. पुढची गोळी झाडण्यासाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहतात, ते शस्त्र पूर्ण स्वयंचलित. बोल्ट ॲक्शन रायफलीत याउलट प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे करावा लागतो.

अमेरिकेत सर्वाधिक चर्चेत असलेली एआर-१५ ही याच अर्धस्वयंचलित जातीची. तिच्या नावातील 'एआर' ही अक्षरे आर्मालाइट या मूळ कंपनीच्या नावावरून आली. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात यूजीन स्टोनर यांनी तिचा आराखडा तयार केला आणि १९५९ मध्ये कोल्ट कंपनीने त्याचे हक्क घेतले. वजनाला हलकी, झटका कमी, सुटे भाग सहज बदलता येणारी अशी ही रायफल तेथे घराच्या रक्षणासाठीही घेतली जाते. १७९१ मधील दुसऱ्या घटनादुरुस्तीने तेथील नागरिकांना शस्त्र बाळगण्याचा अधिकार दिला असून, हा अधिकार वैयक्तिक स्वसंरक्षणासाठीही आहे, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला.

इतर देशांचा अनुभव वेगळा आहे. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ जणांची हत्या झाल्यानंतर अर्धस्वयंचलित रायफलींवर कठोर निर्बंध आले. न्यूझीलंडमध्ये मार्च २०१९ मधील ख्राइस्टचर्चच्या हल्ल्यात ५१ जणांचा बळी गेल्यावर काही आठवड्यांतच बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घालण्यात आली.

अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तेथे एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी नागरिकाला, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे काही अपवाद वगळता, बंदूक वा काडतुसे बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. कायम निवासाचे ग्रीन कार्ड असणाऱ्यांना ही मनाई लागू नाही.

भारतात हक्क नव्हे, परवानगी

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत अधिकार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने भारत आणि अमेरिका यांच्यातील हाच फरक अधोरेखित केला होता. येथील परवाना पद्धतीची मुळे ब्रिटिश राजवटीत आहेत. १८७८च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती केली, युरोपीयांना मात्र सूट दिली. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९५९च्या शस्त्र कायद्याने घेतली. तो १९६२ पासून अमलात आला. सध्या त्याखालील २०१६चे शस्त्र नियम लागू असून, २०१९च्या दुरुस्तीने कायदा आणखी कडक झाला आहे.

या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात शस्त्रांचे प्रवर्ग पाडले आहेत. पिस्तुले वगळता अन्य अर्धस्वयंचलित बंदुका पहिल्या, म्हणजे निर्बंधित प्रवर्गात येतात. पॉइंट ३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसे ज्यांत बसतात, अशा रायफलीही याच प्रवर्गात आहेत. या शस्त्रांचे परवाने जिल्हाधिकारी वा पोलीस आयुक्त देऊ शकत नाहीत. तो अधिकार केंद्रीय गृहमंत्रालयाचा आहे आणि जिवाला गंभीर व निकटचा धोका असणाऱ्या मोजक्या व्यक्तींसाठीच तो वापरला जातो. नेमबाजीतील मान्यताप्राप्त खेळाडूंसाठी स्वतंत्र सवलती आहेत. सर्वसामान्य नागरिकासाठी अर्धस्वयंचलित रायफलीचा पर्याय येथेच संपतो.

मग पर्याय कोणते?

सामान्य परवान्यावर मिळणारी शस्त्रे ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल. लष्करी व पोलिसी वापराच्या ९ मिलिमीटरच्या काडतुसांना नागरी वापरात मनाई असल्याने आपल्याकडे पॉइंट ३२ बोअरचे शस्त्र सर्वाधिक दिसते. कानपूर येथे बनणारी पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर आणि 'अशनी' हे पिस्तूल ही त्यांतील परिचित नावे. २०१४ मध्ये खास महिलांना डोळ्यांसमोर ठेवून 'निर्भीक' ही सुमारे ५०० ग्रॅम वजनाची रिव्हॉल्व्हर बाजारात आणली गेली, तेव्हा तिच्या सव्वा लाखाच्या आसपासच्या किमतीवर बरीच टीका झाली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. लहान शस्त्रांचे काम त्यांतील ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कानपूरच्या कंपनीकडे आहे.

रिव्हॉल्व्हरची रचना साधी. चक्रात गोळ्या भरलेल्या आहेत की नाहीत, हे पटकन पाहता येते आणि एखादी गोळी फुसकी निघाली तर चाप पुन्हा ओढला की चक्र फिरून पुढची गोळी समोर येते. पिस्तुलात गोळ्या अधिक मावतात, पण ते अडकल्यास मोकळे करण्याचा सराव लागतो. मॅगझिन काढून घेतल्यानंतरही नळीत एक गोळी शिल्लक राहू शकते, ही बाब नवख्या हातांत जीवघेणी ठरते.

दुसरा प्रकार १२ बोअरची बंदूक. ग्रामीण भागात शेतीच्या राखणीसाठी हीच अधिक दिसते. तिच्या काडतुसातील छऱ्यांमुळे जवळच्या अंतरावर नेम साधणे तुलनेने सोपे जाते. मात्र तिची लांबी आणि झटका पाहता सदनिकेच्या अरुंद बोळात ती हाताळणे अवघड जाते.

तिसरा प्रकार पॉइंट ३१५सारख्या बोल्ट ॲक्शन रायफलींचा. मोकळ्या रानात उपयोगी असलेले हे शस्त्र शहरात मात्र अडचणीचे आहे. रायफलीची गोळी पातळ भिंत वा दरवाजा भेदून पलीकडे जाऊ शकते. चोराला चुकलेली गोळी शेजारच्या घरात पोचली, तर तिची जबाबदारी झाडणाऱ्याचीच असते. दाट वस्तीत शस्त्र निवडताना गोळी कोठे थांबेल, हा विचार सर्वांत आधी करावा लागतो.

परवाना कसा मिळतो?

पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, तर अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे हवे. हिंसेच्या वा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना सुटकेनंतर पाच वर्षे परवाना मिळू शकत नाही. मानसिकदृष्ट्या अक्षम ठरलेल्या व्यक्तीलाही कायद्याने अपात्र ठरवले आहे.

अर्जासोबत ओळख व निवासाचे पुरावे, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र अपेक्षित असते. त्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्यातून चौकशी होते. गुन्हेगारी पार्श्वभूमी, शेजारपाजारचे मत आणि शस्त्राची खरी गरज या गोष्टी तपासल्या जातात. रोख रकमेची ने-आण, दागिन्यांचा व्यवसाय, खंडणीच्या धमकीची नोंदवलेली तक्रार अशी ठोस कारणे असलेल्या अर्जाला वजन असते. 'आजकाल काळ चांगला नाही' एवढे कारण पुरत नाही.

अर्ज फेटाळल्यास त्याची कारणे लेखी देण्याचे बंधन प्राधिकाऱ्यावर आहे. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तरच ती रोखून धरता येतात. केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, या कारणास्तव परवाना नाकारता येत नाही. नकाराविरुद्ध ३० दिवसांत अपील करण्याची सोय आहे.

२०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, तर एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदवहीतील विशिष्ट ओळख क्रमांक असणे आवश्यक आहे. शस्त्र आणि काडतुसे अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी लागतात आणि खरेदीनंतर शस्त्र तपासणीसाठी सादर करावे लागते.

आजोबांच्या बंदुकीचे काय?

अनेक घरांत वाडवडिलांच्या काळापासून भिंतीवर टांगलेली बंदूक असते. मूळ परवानाधारकाच्या निधनानंतर ती तशीच घरात ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा, हा योग्य मार्ग होय. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर त्याच्या हयातीतही वारसाच्या नावे परवाना मागता येतो. वारस अन्य दृष्टीने पात्र असणे मात्र आवश्यक आहे.

गोळी केव्हा झाडता येते?

परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, ते वापरण्याची मोकळीक तो देत नाही. स्वसंरक्षणाचा अधिकार १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगांत हल्लेखोराचा मृत्यू ओढवला, तरी कायदा संरक्षण देतो. मालमत्तेच्या बाबतीत हे संरक्षण दरोडा, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, घराला आग लावणे अशा मोजक्या प्रसंगांपुरतेच आहे.

संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घेण्याइतका अवधी असेल तर हा अधिकार उरत नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी स्वसंरक्षण म्हणून सिद्ध करणे म्हणूनच फार कठीण जाते. जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक वार तराजूत तोलून करावा, अशी अपेक्षा न्यायालये ठेवत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शन सिंग प्रकरणात हे तत्त्व पुन्हा स्पष्ट केले. तरीही चौकशी, शस्त्राची जप्ती आणि कदाचित खटला यांना सामोरे जावे लागते, हे गृहीत धरलेले बरे.

लग्नाच्या वरातीत वा मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान दोन वर्षे, तर प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास किमान सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र उघडे मिरवता येत नाही, ते म्यानात वा पिशवीत पूर्ण झाकलेले असावे लागते. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार ते जमा करावे लागू शकते.

घरातील धोका

शस्त्राने घर अधिक सुरक्षित होते का, या प्रश्नावर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, बंदूक असलेल्या घरांत घरातच खून होण्याची जोखीम बंदूक नसलेल्या घरांच्या तुलनेत सुमारे २.७ पट आढळली. आधीच धोक्यात असलेली माणसेच बंदूक घेतात, त्यामुळे कार्यकारण उलटे असू शकते, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. मात्र रागाचा क्षण, दारूची नशा, नैराश्य किंवा मुलांचे कुतूहल यांच्या आवाक्यात भरलेले शस्त्र असणे घातक, याबद्दल दुमत नाही.

म्हणूनच शस्त्र कुलूपबंद पोलादी कपाटात, रिकामे करून आणि काडतुसे वेगळ्या जागी ठेवावीत, असा दंडक सांगितला जातो. येथेच पेच उभा राहतो. असे ठेवलेले शस्त्र मध्यरात्री क्षणार्धात हाती येत नाही आणि उशाखाली ठेवलेले शस्त्र घरच्यांनाच धोका ठरते. हा पेच शस्त्राची जात बदलून सुटत नाही.

बहुसंख्य शहरी कुटुंबांसाठी भक्कम सुरक्षा दरवाजा, खिडक्यांना जाळ्या, प्रवेशद्वारावरील प्रकाश, कॅमेरा, शेजाऱ्यांशी संबंध आणि आपत्कालीन ११२ क्रमांक या गोष्टी आधी येतात. त्यानंतरही धमकी किंवा व्यवसायाचे स्वरूप यामुळे गरज उरत असेल, तर अर्ज करण्यापूर्वी प्रशिक्षण, पोलिसांत नोंदवलेली तक्रार आणि घरातील सर्व सज्ञान व्यक्तींची संमती या तीन गोष्टींची पूर्तता करून घ्यावी. शस्त्र विकत घेणे हे त्यानंतरचे काम आहे.