एका काडतुसासाठी बांधलेली रायफल

काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. तेव्हाचं काडतूस कागदी होतं. दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, वर गोळी ठासायची. आज आपण त्याच्या पुढची गोष्ट बघू. काडतूस धातूचं झालं आणि शिकारी ते घरी भरू लागला. हे सगळं घडलं अमेरिकेत.

धातूच्या काडतुसात चार वस्तू असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी केप, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार झाला की तीन संपतात, पुंगळी उरते. मग ती फेकायची कशाला? १८७०च्या दशकात अमेरिकेच्या माळरानांवर गव्यांची बेसुमार शिकार चालली होती. दुकान लांब, काडतुसं महाग. ते शिकारी शिसं आणि दारू बरोबर घेऊन फिरत आणि मुक्कामावर पुंगळ्या पुन्हा भरत. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी 'आयडियल' कंपनी काढली आणि या कामाची हातात मावणारी अवजारं विकायला सुरुवात केली.

त्या काळच्या बहुतेक बंदुका हातानं उघडायच्या, हातानं बंद करायच्या. त्यामुळे भरणाऱ्याला मुख्य चिंता एकच: बार होताना बुडाशी जो दाब येतो, तो बंदूक सोसेल का? सोसत असेल तर गोळी जड घ्या, दारू बदला. बंदूक कुरकुर करत नसे.

१९३६ मध्ये अमेरिकन सैन्यानं जॉन गॅरंड यांची एम-१ रायफल स्वीकारली आणि हा हिशोब बदलला. १९५७ पर्यंत अशा सुमारे ५४ लाख रायफली बनल्या. युद्धानंतर त्यातल्या पुष्कळ सरकारी योजनेतून नागरिकांकडे गेल्या. आठ काडतुसांऐवजी पाचांची क्लिप लावून लोक त्या घेऊन हरणांच्या शिकारीला निघाले.

आता या रायफलीचं यंत्र समजून घेऊ. नळीच्या तोंडाजवळ एक बारीक भोक आहे. गोळी त्याच्या पुढे गेली की मागचा वायू त्यातून निसटतो, दट्ट्याला मागे ढकलतो, आणि दट्ट्याला जोडलेला लांब, वाकडा दांडा बोल्ट उघडतो. हे सगळं बसवलेलं होतं लष्करी काडतुसावर: १५० ग्रेनची, म्हणजे साधारण पावणेदहा ग्रॅमची गोळी आणि तिला साजेशी दारू.

शिकाऱ्याला मात्र मोठ्या जनावरासाठी जड गोळी हवी असते, आणि जड गोळीमागे सावकाश जळणारी दारू घालायची जुनी सवय. बुडाशी दाब अगदी मर्यादेत! पण अशी दारू तोंडापर्यंत दाब टिकवून धरते, म्हणजे नेमका त्या भोकापाशी. दांड्याला दणका बसतो आणि तो वाकतो. दुसऱ्या रायफलीत निर्धोक असलेलं काडतूस इथे यंत्र मोडतं.

केपेचंही तसंच. या रायफलीची टाचणी मोकळी असते. बोल्ट बंद होताना ती केपेला हलकेच टेकते. केप जरा वर राहिली, किंवा फार नाजूक असली, तर चाप न ओढताच बार होऊ शकतो. बोल्ट पुरता बंद नसताना तो झाला तर इजा चालवणाऱ्याला.

यावर एक उपाय युद्धानंच मागे ठेवला होता. लष्करी काडतुसांसाठी बनलेली '४८९५' क्रमांकाची दारू युद्धानंतर शिल्लक पडली. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी ती घाऊक विकत घेऊन लोकांना विकली. गॅरंडला मानवणारी दारू अशी घरोघरी पोचली.

आपण यातून काय घ्यायचं? कारागिराला वाटतं, साधन माझ्या हुकमात आहे. हातानं चालणाऱ्या बंदुकीच्या काळात ते बरंचसं खरं होतं. गॅरंड आली आणि भरणाऱ्याला विचारावं लागलं, हे यंत्र कशासाठी बांधलंय? जुनं यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न आधी पडायला हवा. आपण इथेच थांबू.